आठ हजारांचा आकडा, दहा फुटांचा हॉल

८के टीव्ही बाजाराने जन्माला घातलेला नाही. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या प्रयोगशाळेत १९९५ मध्ये या संशोधनाला सुरुवात झाली. २००५ च्या आयची प्रदर्शनात लोकांनी ते चित्र मोठ्या पडद्यावर पाहिले आणि १ डिसेंबर २०१८ रोजी एनएचकेने ८केची स्वतंत्र उपग्रह वाहिनी सुरू केली. प्रेक्षकाला आपण त्या जागीच उभे आहोत असे वाटायला हवे असेल, तर पडद्याने त्याच्या नजरेचा किती भाग व्यापायला हवा, हा त्या संशोधकांपुढचा प्रश्न होता. उत्तर निघाले सुमारे १०० अंश. त्यासाठी पडद्याच्या उंचीच्या पाऊणपट अंतरावर बसावे लागते. इतक्या जवळून ठिपके वेगळे दिसू नयेत म्हणून आडवे ७६८० आणि उभे ४३२० पिक्सेल ठरले.

हे पाऊणपट अंतर लक्षात ठेवायला हवे, कारण ८केबद्दलचे बहुतेक गैरसमज ते विसरल्यामुळे झाले आहेत. ५५ इंची टीव्हीच्या पडद्याची उंची साधारण ६८ सेंटिमीटर असते. तिच्या पाऊणपट म्हणजे ५१ सेंटिमीटर, जेमतेम वीस इंच. एवढ्या जवळ बसून आपल्याकडे कोणी मालिका बघत नाही.

पहिला गैरसमज असा की, ८के म्हणजे ४केपेक्षा दुप्पट-चौपट स्पष्ट चित्र. पिक्सेल चौपट असतात, हे खरे. फुल एचडीत ते सुमारे २१ लाख, ४केत ८३ लाख आणि ८केत ३ कोटी ३२ लाख. पण पिक्सेल वाढले म्हणून डोळ्याची ताकद वाढत नाही. ६/६ नजर म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील ओळखणारी नजर. ५५ इंची ४के पडद्यावरचा एक पिक्सेल ०.३२ मिलिमीटरचा असतो आणि अशा नजरेला तो साधारण १.१ मीटरपर्यंतच वेगळा ओळखता येतो. पुष्कळांची नजर याहून तीक्ष्ण असते, हा आक्षेप रास्त आहे. केंब्रिज विद्यापीठ आणि मेटा यांच्या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काळ्या-पांढऱ्या तपशिलासाठी सरासरी मर्यादा एका अंशात ९४ पिक्सेल इतकी निघाली, म्हणजे जुन्या ६०च्या मापापेक्षा बरीच वर. हे कडक माप लावले तरी ५५ इंची ४के टीव्हीपासून १.७ मीटर, म्हणजे साडेपाच फूट मागे गेल्यावर डोळ्याला आणखी पिक्सेलची गरज उरत नाही. ४३ इंची टीव्ही नऊ फुटांवरून बघणाऱ्या घरात तर याच मापाने फुल एचडीसुद्धा पुरते.

मग दुकानात नवा टीव्ही घरच्यापेक्षा इतका उजवा का दिसतो? एक तर तिथे आपण दोन-तीन फुटांवर उभे असतो. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे एचडीआर. अंधारातला काळा आणि उन्हातला लखलखाट एकाच दृश्यात नीट दाखवण्याची ही क्षमता, तिच्या जोडीला रंगांची वाढलेली व्याप्ती आणि पॅनेलचा दर्जा, यांचा फरक दहा फुटांवरूनही जाणवतो. पिक्सेलचा जाणवत नाही. थेट प्रक्षेपणासाठीची एचडीआरची एक पद्धत एनएचकेनेच बीबीसीबरोबर विकसित केली. म्हणजे पिक्सेल वाढवणाऱ्या संस्थेलाही पिक्सेल पुरेसे वाटले नव्हते. खोक्यावर मात्र पिक्सेलचाच आकडा ठळक छापतात.

८के टीव्ही घेतला की सगळेच ८केत दिसेल, हाही समज पक्का आहे. टीव्ही आलेले चित्र पडद्याच्या मापात बसवतो. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांच्या एचडी आवृत्त्या २०१६ मध्ये आल्या. असे एचडी चित्र ८के पडद्यावर लावले, तर दर १६ पिक्सेलपैकी एकापुरतीच माहिती बाहेरून येते, उरलेले १५ टीव्हीतली चिप अंदाजाने भरते. हा अंदाज आता बराच चांगला असतो. अक्षरांच्या कडा रेखीव होतात, चित्र नितळ दिसते. पण कॅमेऱ्याने टिपलेच नाही ते कुठलीही चिप परत आणू शकत नाही. स्टेडियममधल्या दूरच्या प्रेक्षकाचा चेहरा मूळ चित्रात चार ठिपक्यांचा असेल, तर पडद्यावर दिसतो तो रचलेला चेहरा.

चित्रपटांचेही असेच. ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ ६५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाला होता, म्हणून त्याची मूळ निगेटिव्ह नव्याने स्कॅन करून एनएचकेला तो ८के वाहिनीच्या पहिल्याच दिवशी दाखवता आला. उलट, व्हीएफएक्सची रेलचेल असलेले अनेक नवे चित्रपट शेवटी २केतच तयार झाले आहेत. त्यांची ४के आवृत्तीही वाढवून काढलेली असते.

आता सर्वांत दुर्लक्षित मुद्दा: चित्र आपल्यापर्यंत पोचते कसे? ‘घरी फायबर आहे, आता काय अडचण?’ असे अनेकांना वाटते. हिशेब करून पाहा. सेकंदाला ६० फ्रेम आणि प्रत्येक पिक्सेलला ३० बिट धरले, तर न दाबलेले ८के चित्र सेकंदाला जवळजवळ ६० गिगाबिट होते. २०१५ मध्ये शार्पने विकायला काढलेल्या ८५ इंची ८के पडद्याची किंमत सुमारे १ कोटी ६० लाख येन होती आणि त्याला चित्र पुरवायला चार एचडीएमआय केबल जोडाव्या लागत. एनएचके हेच चित्र दाबून सेकंदाला १०० मेगाबिटच्या आसपास बसवते. त्यासाठी उपग्रहावरून वेगळ्या ध्रुवणाचे संकेत सोडावे लागले, ते जुन्या डिशला पकडता येईनात, आणि जपानी घरांना नवी डिश व नवा ट्यूनर घेणे भाग पडले.

ओटीटीवर हा दाब आणखी वाढतो. ४केसाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएसचे कनेक्शन सुचवते. ४के ब्लू-रे डिस्कची कमाल मर्यादा १२८ एमबीपीएस आहे. नाव दोन्हींचे ४केच. हा दाब क्रिकेटमध्ये उघड्या डोळ्यांनी दिसतो. चेंडू सीमेकडे जातो, कॅमेरा झपकन वळतो आणि मैदानावरचे गवत एकदम हिरव्या लेपासारखे सपाट होते. मागची गर्दी चौकोनी तुकड्यांत फुटते. चेंडू थांबला की गवताची पाती परत येतात. त्या क्षणी पडद्यावर पिक्सेल पुरेसे होते, ते भरायला बिट कमी पडले. संध्याकाळच्या आकाशात रंगांचे पट्टे दिसतात, त्याचेही नेहमीचे कारण हेच. अशा प्रवाहात ८केचा आग्रह धरणे म्हणजे तेवढेच बिट चौपट पिक्सेलमध्ये वाटणे. २०२० मध्ये मंजूर झालेल्या व्हीव्हीसी या कॉम्प्रेशन मानकाचा उद्देश तेच चित्र आधीच्या एचईव्हीसीच्या निम्म्या बिटमध्ये बसवणे हा आहे. माझ्या मते अशी बचत आधी ४केचे चित्र सुधारायला वापरली जावी.

‘८के संपले’ हा मात्र घाईचा निष्कर्ष आहे. घरगुती टीव्हीत त्याची पीछेहाट झाली, हे खरे. सोनीने २०२५ मध्ये ८के टीव्ही बंद केले. त्याआधी मार्च २०२३ पासून युरोपीय संघाने ८के संचांनाही वीजवापराची मर्यादा लावली होती. दाट पिक्सेलच्या पॅनेलमधून प्रकाश कमी बाहेर पडतो, म्हणून मागचा दिवा प्रखर ठेवावा लागतो आणि वीज जास्त जाते. पण चित्रीकरणात ८केचा उपयोग आहे: विस्तृत दृश्य टिपून नंतर त्यातला हवा तो भाग कापता येतो. डोळ्याला चिकटून बसणाऱ्या व्हीआर हेडसेटमध्ये तर एनएचकेचे ते १०० अंश खरोखर भरायचे असतात. तिथे पिक्सेल अजून कमीच पडतात.

दिवाळीत टीव्ही घेणार असाल, तर आधी सोफ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर टेपने इंचांत मोजा. ते टीव्हीच्या इंचांच्या सव्वापटीपेक्षा जास्त भरले, तर ४केच्या पुढे एक रुपयाही घालू नका. तो पैसा मोठ्या पडद्यात किंवा चांगल्या एचडीआरमध्ये घाला. आणि दुकानदाराला त्याचा डेमो व्हिडिओ बंद करून, तुम्ही घरी रोज बघता तीच वाहिनी लावायला सांगा.