पावसाच्या पाण्याचे बिल कोणाच्या नावावर?

हिंदमाता तुंबले, ही आता बातमी राहिलेली नाही. तो पावसाळ्यातला वार्षिक विधीच झाला आहे. महापालिकेला चार शिव्या हासडल्या की आपले कर्तव्य संपते. पण हे पाणी समुद्रापर्यंत पोचवण्याचे पैसे देते कोण, हे आपण कधी विचारतो का?

मी मालमत्ता कराचे देयक काढून पाहिले. त्यात जल कर आहे, मलनिःसारण कर आहे, झाडांचा आणि रस्त्यांचाही रकाना आहे. पावसाच्या पाण्याचा मात्र नाही! तो खर्च पालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीतून भागतो. या तिजोरीचा मोठा आधार होती जकात. ती 2017 मध्ये गेली आणि तिच्या जागी राज्य सरकारची भरपाई आली.

ज्याचा वेगळा हिशेब नाही, त्याची आठवण संकट आल्यावरच होते. शहरातली जुनी गटारे ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी बांधलेली, तीही समुद्राला ओहोटी असेल आणि निम्मे पाणी जमिनीत मुरेल, असे धरून. ही क्षमता दुप्पट करण्याचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल 1993 मध्ये तयार झाला आणि बराच काळ रेंगाळला. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, शेकडो माणसे दगावली. त्यानंतर केंद्राने 1200 कोटी रुपये मंजूर केले. भरतीच्या वेळी पाणी उपसून समुद्रात टाकणारी केंद्रे हाजी अली, लव्हग्रोव्ह, ब्रिटानिया येथे उभी राहिली. हिंदमातासाठी दादर-परळला मैदानांखाली टाक्या झाल्या. पण पंपांची वीज आणि नाल्यांतला गाळ यांचा खर्च दरसाल येतोच.

आणि मुरायला जमीन कुठे उरली आहे? परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जागी टॉवर आले, अंगणांवर काँक्रीट आले. जर्मनीतील अनेक शहरांत छप्पर आणि फरसबंदी जितकी, तितका पावसाच्या पाण्याचा आकार पडतो. पाणी जमिनीत मुरवणाऱ्याला सवलत मिळते.

नवा कर म्हटला की कपाळाला आठ्या पडणारच. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून मालमत्ता करमाफी आहे. ती तशीच राहावी. चाळीतल्या खोलीवर बोजा नको. पण ज्याच्या आवारातले पाणी गुपचूप आमच्या गल्लीत उतरते, त्याच्या देयकात एक रकाना वाढायला काय हरकत आहे? रकाना असला, की त्या पैशाचे काय केलेत, हे विचारण्याचा हक्कही येतो.