जस्ताचा घट आणि कागदाचा पडदा

रत्नागिरीच्या मुसळधार पावसात रात्री वीज गेली की विजेरी हाती येते. तिच्यातल्या साध्या घटाचा डबा जस्ताचा असतो. आत कार्बनची कांडी व तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइडचे काळे मिश्रण. डबा आणि मिश्रण यांमध्ये खळ लावलेला ओलसर कागद असतो. आयनांना वाट द्यायची, पण दोघांना एकमेकांस शिवू द्यायचे नाही, हे त्याचे काम. १८०० साली व्होल्टाने मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा वापरला, तो याचसाठी.

जस्त स्वस्त, आणि पाण्यातले द्रावण पेट घेत नाही. मग असे घट पुनःपुन्हा भारित करून वापरता येतील का? अडचण अशी, की भारित करताना जस्त सारखे बसत नाही. त्याला सुयांसारखे अंकुर फुटतात. एखादी सुई पडदा भेदून पलीकडे टेकली, की घट निकामी! छिद्रे मोठी ठेवली तर सुई शिरते. फार लहान केली तर आयन अडखळतात. म्हणून शास्त्रज्ञ बारीक, सारख्या छिद्रांचे चिवट पडदे शोधत आहेत.

तुम्हीही पाहा: तांब्याच्या व जस्ताच्या पट्टीमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला टीपकागद ठेवून व्होल्टमापक जोडा. काटा हलेल. आता कागद काढून पट्ट्या एकमेकींना टेकवा. काटा शून्यावर का आला, ते सांगा पाहू!