यंत्र केव्हां उघडावें?

घरांतील शिवणयंत्र बिघडलें तर कारागिराकडे निरोप धाडतां येतो. मोटार वाटेंत अडली तर ती ढकलून कडेला लावतां येते. भर समुद्रांतल्या जहाजाला यांपैकीं कोणतीच सोय नाहीं. तेथें यंत्र थांबलें म्हणजे जहाज नुसतें उभें राहत नाहीं. तें लाटांना आडवें होतें आणि वारा नेईल तिकडे वाहूं लागतें. सुकाणू फिरवूनहि फारसा उपयोग होत नाहीं, कारण जहाजाला गति असेल तरच सुकाणूचा अंमल चालतो. म्हणून जहाजावरील यंत्रांची निगा कशी राखावी हा प्रश्न केवळ खर्चाचा नसून जहाजावरील प्रत्येक माणसाच्या जिवाचा आहे.

हीं यंत्रें केवढीं असतात याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. २००६ सालीं 'एम्मा मर्स्क' नांवाचें मालवाहू जहाज समुद्रावर आलें. त्याच्या तेलावर चालणाऱ्या इंजिनाला १४ सिलिंडर असून प्रत्येकाचा व्यास ९६ सेंटिमीटर, आणि आंतील दट्ट्याची एका खेपेची धांव अडीच मीटर आहे. सबंध इंजिनाचें वजन सुमारें २,३०० टन भरतें. असें असूनहि पूर्ण वेगांत तें मिनिटाला सुमारें १०० फेरेच घेतें. पण हा राक्षस एकटा कांहीं करूं शकत नाहीं. त्याला वंगण पुरविणारे पंप, पाण्यानें थंड ठेवणारे पंप, तेल शुद्ध करणारीं यंत्रें आणि या सर्वांना वीज देणारीं जनित्रें अशी मोठी चाकरमंडळी लागते. यांतला एखादा चाकर रुसला तरी धनी जागच्या जागीं बसतो.

इतक्या यंत्रांची निगा राखण्याच्या मुख्यतः चार पद्धति आहेत. त्यांतील पहिली सर्वांत जुनी व सर्वांत सोपी: मोडेपर्यंत चालवावें, मोडल्यावर दुरुस्त करावें. ही पद्धति ऐकतांना आळशीपणाची वाटते, परंतु ती सर्वत्र त्याज्य नाहीं. खोलींतला दिवा जाण्यापूर्वींच बदलण्यांत कांहीं शहाणपण नाहीं. जहाजावर महत्त्वाचे पंप जोडीनें बसवितात; एक थांबला तर दुसरा चालूं करतात व पहिला सवडीनें उघडतात. मात्र जेथें दुसरें यंत्र जोडीला नाहीं, तेथें ही पद्धति म्हणजे दैवावर हवाला होय.

दुसरी पद्धति वेळापत्रकाची. प्रत्येक यंत्र किती तास चाललें याची नोंद वहींत ठेवावयाची आणि ठराविक तास भरतांच, तें उत्तम चालत असलें तरी, उघडून झिजलेले भाग बदलावयाचे. हिला पाठबळहि मोठें आहे. लंडनमधील एडवर्ड लॉइडच्या कॉफीगृहांत जमणाऱ्या व्यापाऱ्यांतून १७६० सालीं जहाजांची प्रतवारी करणारी 'लॉइड्स रजिस्टर' ही संस्था निघाली. अशा संस्था जहाजाची मोठी तपासणी पांच वर्षांच्या अंतरानें करतात. यंत्रांच्या बाबतींत कित्येकदां दरवर्षीं सुमारें एकपंचमांश भाग तपासून पांच वर्षांत फेरा पुरा करण्याची मुभा असते. १ जुलै १९९८ पासून अंमलांत येऊं लागलेल्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा-नियमांनीं जहाजाची व यंत्रांची निगा पद्धतशीर राखण्याची जबाबदारी जहाजकंपन्यांवर टाकली. वेळापत्रकाचा लाभ उघड आहे. काम बंदरांत, दिवसाउजेडीं, सुटे भाग हाताशीं ठेवून उरकतां येतें.

परंतु या पद्धतीच्या मुळाशीं एक गृहीत गोष्ट आहे. यंत्र माणसाप्रमाणें वयानें म्हातारें होतें, आणि तें उघडून नीट केलें कीं त्याला नवें तारुण्य येतें, असें ती धरून चालते. हें कितपत खरें आहे?

दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटनच्या किनारा-रक्षक विमानदळापुढें हाच प्रश्न आला. पाणबुड्या शोधणारीं त्यांची विमानें दुरुस्तीसाठींच फार काळ अडकून पडत. वॉडिंग्टन नांवाच्या जीवशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं बिघाडांच्या नोंदी मांडून पाहिल्या, तेव्हां एक चमत्कारिक गोष्ट आढळली. दर ५० तासांच्या तपासणीनंतर बिघाड कमी व्हावयाचे, ते उलट तपासणी झाल्याबरोबरच वाढत आणि मग हळूहळू उतरत. तपासणीच नव्या खोड्या निर्माण करीत होती! तपासण्यांमधील अंतर वाढवून आणि निरुपयोगी कामें गाळून टाकल्यावर उड्डाणाचे तास सुमारें ६० टक्क्यांनीं वाढले. पुढें १९७८ सालीं अमेरिकेंत नौलन व हीप यांनीं प्रवासी विमानांच्या भागांचा असाच हिशेब प्रसिद्ध केला. शंभरांपैकीं अवघे ११ भाग वय वाढल्यामुळें बिघडण्याकडे झुकत. उरलेल्या ८९ भागांना वयाची मर्यादा घालून कांहींच साधत नव्हतें. त्यांतहि ६८ भाग असे होते कीं, ते नवे असतांनाच अधिक दगा देत.

हे आंकडे विमानांचे आहेत. ते जसेच्या तसे जहाजाला लावतां येणार नाहींत. दट्ट्यावरील कड्या, सिलिंडरचें अस्तर, खाऱ्या पाण्याच्या नळ्या हे भाग खरोखरच झिजतात व त्यांना तासांचा हिशेब लागू पडतो. पण धडा जहाजालाहि सुटत नाहीं. यंत्र उघडतांना आंत धूळ जाते, पुसण्याचा बोळा आंत विसरतो, एखादा बोल्ट कमी आवळला जातो. चांगलें चालणारें यंत्र उघडणें हाहि एक धोकाच आहे.

म्हणून तिसरी पद्धति निघाली. ती वैद्याची आहे. रोग्याचें पोट फाडण्यापूर्वीं वैद्य नाडी पाहतो, तसें यंत्र न उघडतां त्याची प्रकृति ओळखावयाची. ही कल्पना नवी नव्हे. १७९६ च्या सुमारास जेम्स वॉटचा सहकारी जॉन सदर्न यानें चालत्या वाफेच्या इंजिनांतील दाबाची रेषा कागदावर उमटविणारें साधन तयार केलें, तीच यंत्राची पहिली नाडीपरीक्षा म्हणतां येईल. आगबोटींच्या काळीं, हिंदी खलाशी ज्याला 'तेलवाला' म्हणत तो इसम फिरत्या सांध्यांवर तळहात टेकवून त्यांची ऊब जोखीत असे. आज त्याच हाताचें काम उपकरणें करतात. वंगणाचा थोडा नमुना प्रयोगशाळेंत पाठवितात. त्यांत लोखंडाचे कण वाढले तर सिलिंडरच्या अस्तराकडे किंवा कड्यांकडे संशय जातो, तांबें किंवा कथील वाढलें तर बेअरिंगांकडे. सोडियम दिसलें तर समुद्राचें पाणी शिरल्याची शंका येते. कंप मोजणारें यंत्र बेअरिंगाची कुरबूर कानाला ऐकूं येण्याआधीं टिपतें. उष्णता दाखविणारा कॅमेरा विजेचा ढिला सांधा तापलेला दाखवितो. अर्थात् नाडी पाहून भागत नाहीं. तिनें सांगितलेलें कोणी मनावर घेतलें पाहिजे.

चौथी पद्धति या तिघींना एकत्र आणते. ती प्रथम विचारते: हा भाग बंद पडला तर काय होईल? कांहींच होणार नसेल, तर मोडेपर्यंत चालवावा. झीज ठराविक असेल, तर तासांवर बदलावा. बिघाड आगाऊ सूचना देत असेल, तर नाडी पाहत राहावें. आणि माणसांचे प्राण जाण्यासारखें असेल, तर भाग कितीहि क्षुल्लक दिसो, त्याच्यावर पहिली नजर ठेवावी.

क्षुल्लक भाग काय करूं शकतो याचीं दोन अलीकडचीं उदाहरणें आहेत. २३ मार्च २०१९ रोजीं 'वायकिंग स्काय' हें प्रवासी जहाज सुमारें १,३७० माणसांसह नॉर्वेच्या किनाऱ्यालगत वादळांत सांपडलें. चार जनित्र-इंजिनांपैकीं एक आधींच नादुरुस्त होतें. उरलेल्या तिहींच्या टांक्यांत वंगणाची पातळी असावी त्याहून कमी होती. जहाज हेलकावे खाऊं लागतांच पंपांना पुरेसें तेल मिळेना, आणि रक्षक साधनांनीं तिन्ही इंजिनें बंद पाडलीं. पुन्हां वीज मिळेपर्यंत जहाज खडकांपासून त्याच्या स्वतःच्या लांबीइतक्या अंतरावर येऊन ठेपलें होतें. साडेचारशेंहून अधिक प्रवाशांना हेलिकॉप्टरनें एकेक करून उचलावें लागलें. सुदैवानें प्राणहानि झाली नाहीं.

बाल्टिमोरला असें सुदैव नव्हतें. २६ मार्च २०२४ च्या रात्रीं सुमारें ३०० मीटर लांबीच्या 'डाली' या मालवाहू जहाजावरील वीज गेली. तें पुलाच्या खांबावर आदळलें, पूल कोसळला आणि पुलावर काम करणारे सहा मजूर मृत्यु पावले. अमेरिकन तपासमंडळाला या अंधाराच्या मुळाशीं एक ढिली तार सांपडली. तिच्यावरील नांवाची पट्टी चुकीच्या जागीं बसविल्यामुळें तार खांचेंत पुरती गेली नव्हती.

अडीच मीटर धांवणारा दट्ट्या सर्वांच्या डोळ्यांत भरतो, त्याची वही चोख राहते. वंगणाची पातळी आणि तारेचें टोंक यांकडे बघण्याला मोठी विद्या लागत नाहीं. लागते ती कंटाळा न करतां रोज पाहण्याची आणि जें दिसलें तेंच वहींत लिहिण्याची संवय. कालचा आंकडा आज उतरवून काढणारी वही, वही नसण्याहूनहि वाईट, कारण तिच्यावर विसंबून पुढचा माणूस निर्धास्त झोपतो. केव्हां उघडावें, केव्हां हात लावूं नये आणि कोणत्या गोष्टीवरून नजर कधींच हलवूं नये, हें ज्या जहाजावर ठरलेलें आहे, त्या जहाजावरील प्रवाशांना खालच्या यंत्रांची आठवणहि होत नाहीं. आणि इंजिनखोलींतील माणसांना याहून दुसरी पावती नको असते.