तोंड एक, गुण वेगळे
घरच्या ऑफिससाठी आणलेला मॉनिटर लॅपटॉपला जोडूनही पडदा काळाच राहिला, की माणूस स्वतःलाच अडाणी समजतो. खरा दोष सारख्या दिसणाऱ्या वस्तूंत दडलेल्या फरकाचा आहे. यूएसबी टाइप-सी हे नाव तोंडाच्या आकाराचं आहे, क्षमतेचं नाही. एक केबल सेकंदाला ४८० मेगाबिट माहिती नेते, तशीच दिसणारी दुसरी ४० गिगाबिट. काही पोर्टमधून चित्र जातं, काहींतून जातच नाही. वायफायचंही तसंच: अनेक प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्यांना दिसतच नाही.

हे सगळं माहितीपुस्तिकेत असतं, असं कुणी म्हणेल. पण पुस्तिका हाती येते खोका उघडल्यावर. निवड त्याआधीच झालेली असते. एकाच तोंडामुळे चार्जरांची गर्दी घटली, हे मान्यच. पण तेच तोंड आतला फरक झाकतं, म्हणूनच वेग, वॉट आणि चित्राची सोय केबलवर आणि पोर्टशेजारी ठळक छापायला हवी.