खोक्यावरचे आकडे आणि आपला फोन

बचत गटाच्या बैठकीत हल्ली हिशेब आटोपला की एक विषय हमखास निघतो, फोन कोणता घ्यावा? आम्हाला या यंत्रांची भारी हौस. नवं काही दिसलं की हातात घेऊन, उलटसुलट करून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून आज आमची मतं सरळच सांगतो. दुकानदारांना ती आवडतीलच असं नाही.

आधी घरातलंच बोलू. बऱ्याच घरांत बाईच्या वाट्याला येतो तो उतरलेला फोन. मुलानं नवा घेतला की जुना आईला. जुनी साडी वापरून वापरून मऊ होते, तिची गोधडीही छान होते. फोनचं तसं नसतं. कंपनी काही वर्षं त्याला सुरक्षेची दुरुस्ती पाठवते, मग थांबते. आणि नेमक्या त्याच फोनवर आपल्या खात्याचे ओटीपी येतात, गटाचे पैसे जमा झाल्याचे मेसेज येतात. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ किंवा ‘सिक्युरिटी’ असं लिहिलेलं असतं, तिथे शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख सापडते. ती दोन-तीन वर्षं मागची असेल, तर त्या फोनवर पैशांचा व्यवहार करू नये असं आमचं स्वच्छ मत आहे. गाणी ऐका, फोटो बघा, नातवाला दाखवा. पैसे नकोत.

आता दुकानात चला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ८ जीबी रॅम. खाली बारीक अक्षरांत ४ अधिक ४. यातली खरी रॅम पहिली ४. दुसरी ४ म्हणजे फोटो साठवायच्या जागेतून उसनी घेतलेली, आणि ती खऱ्या रॅमपेक्षा बरीच मंद चालते. पाहुणे आले म्हणून शेजारून चार ताटं आणली तर ती आपल्या मांडणीतली म्हणून मोजायची का? म्हणून विचारा, “भाऊ, उसनी सोडून रॅम किती?” कॅमेऱ्याचंही तेच. मागे तीन भिंगं दिसतात, पण स्वस्त फोनात बहुतेकदा कामाचं एकच असतं. बाकीची शोभेला. पापडाचा, मसाल्याचा फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवायचा असेल तर दुकानातच, दारातल्या उजेडात आणि आतल्या सावलीत, एकेक फोटो काढून बघा. आकडा वाचण्यापेक्षा ते बरं.

पॉवर बँकेबद्दल आम्हाला सगळ्यात जास्त विचारतात, कारण वीज कधी जाईल याचा नेम नाही. वर १०,००० लिहिलेलं, फोनची बॅटरी ५,००० ची, म्हणजे दोनदा भरायला हवी. भरते मात्र सव्वा ते दीड वेळा. मग बायका म्हणतात, फसवलं. तसं नाही. पॉवर बँकेच्या आतली वीज साधारण ३.७ व्होल्टची असते आणि वायरीतून बाहेर पडते ती ५ व्होल्टची. दाब वाढवला की आकडा घटतो. १०,००० चे तिथेच ७,४०० होतात. काही वीज उष्णतेत जाते, म्हणून तर ती हाताला गरम लागते. हाती उरतात ६,००० ते ६,५००. चांगल्या पॉवर बँकेवर हा खरा आकडा बारीक अक्षरांत छापलेला असतो. तो छापलेलाच नसेल, तर आम्ही ती घेणार नाही.

चार्जर घेताना मात्र पैशांकडे बघू नका. त्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि तिच्याजवळ इंग्रजी ‘आर’ अक्षर व आठ आकड्यांचा नंबर हवा. बीआयएस केअर नावाच्या सरकारी ॲपमध्ये तो नंबर टाकला की कंपनीचं नाव समोर येतं. बाजारात ढिगात मिळणाऱ्या बिनखुणेच्या चार्जरनं बॅटरी फुगते. फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका. आणि उशीखाली फोन ठेवून चार्ज करायची सवय आजच मोडा.

जुना फोन घ्यायचा असेल तर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पंधरा आकड्यांचा नंबर दिसेल. के, वाय, एम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून तो नंबर, असा मेसेज १४४२२ ला पाठवा. फोन काळ्या यादीतला किंवा नकली असल्याचं उत्तर आलं तर कितीही स्वस्त असो, परत द्या. नवा असो की जुना, बिल आपल्या स्वतःच्या नावावर घ्या आणि सिमही. फोन हरवला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो बंद करता येतो. तिथे पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत लागते, हा पंधरा आकड्यांचा नंबरही लागतो. म्हणून बिलावर तो लिहून घ्या.

कुणी विचारेल, मोठा फोन हवाच का? आम्हाला तर बटणांचा फोरजी फोन फार आवडतो. आठवडाभर नाही तरी दोन-तीन दिवस आरामात चालतो, शेतात पडला तरी रडायची वेळ येत नाही. २०२२ पासून साध्या फोनवरूनही यूपीआयचे पैसे पाठवायची सोय आहे. फोरजी एवढ्याचसाठी म्हणतो, की काही कंपन्यांचं सिम जुन्या टूजी फोनात चालतच नाही.

आणि हो, घेताना एफएम आहे का तेही बघा. इंटरनेटवरचा रेडिओ वेगळा, त्याला डेटा लागतो. खरा एफएम फुकट चालतो. बहुतेक फोनांत मात्र इअरफोनची वायर जोडावी लागते, कारण ती वायरच त्याची एरियल असते. बिनवायरीचे इअरफोन लावून “केंद्र लागत नाही” म्हणून आमच्याकडे तक्रार करणाऱ्या मैत्रिणींनी हे आधी करून बघावं.