क्लफच्या यशातला दुसरा माणूस

फुटबॉल मॅनेजर ब्रायन क्लफचं नाव निघालं की इंग्लंडमध्ये आधी त्याच्या जिभेचे किस्से निघतात. क्लबच्या संचालकांपासून फुटबॉल संघटनेपर्यंत त्याने कोणालाच सोडलं नाही. हा फटकळपणाच त्याच्या यशाचं गुपित असं मानायची पद्धत पडली आहे. मला ते पटत नाही. त्याची खरी कमाई म्हणजे माणसं पारखणं आणि त्यांना योग्य जागी खेळवणं, आणि त्यातलं पारखण्याचं काम बरंचसं पीटर टेलरचं होतं. दोघं मिडल्सब्रोचे जुने सहकारी. टेलर गोलरक्षक, क्लफ गोलांचा धडाका लावणारा. मिडल्सब्रो आणि संडरलंड मिळून क्लफने लीगच्या २७४ सामन्यांत २५१ गोल केले. १९६२च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, बरीविरुद्धच्या सामन्यात गोलरक्षकाशी टक्कर होऊन त्याचा गुडघा कायमचा जायबंदी झाला. १९६५मध्ये चौथ्या श्रेणीतल्या हार्टलपूलने त्याला मॅनेजर केलं, तेव्हा त्याने सर्वांत आधी टेलरला बोलावून घेतलं.

पुढे डर्बी काउंटी दुसऱ्या श्रेणीत असताना या जोडीने तिशी ओलांडलेल्या डेव्ह मॅकायला आणून बचावात मागे उभं केलं. १९७२मध्ये डर्बी इंग्लंडचा विजेता झाला. नॉटिंगहॅम फॉरेस्टची कहाणी त्याहून बोलकी. केनी बर्न्सला घेण्याआधी टेलर म्हणे कुत्र्यांच्या शर्यतींना जाऊन त्याला गुपचूप न्याहाळून आला होता. या तापट आघाडीवीराला त्यांनी बचावात खेळवलं, आणि १९७८मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल पत्रकारांनी त्यालाच वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. त्याच वर्षी फॉरेस्टने लीग जिंकली. दुसऱ्या श्रेणीतून वर येऊन वर्षच झालं होतं. जाडसर, आळशी म्हणून बाजूला पडलेला जॉन रॉबर्टसन डावीकडचा विंगर झाला. १९७९च्या युरोपियन कप अंतिम सामन्यात माल्मोविरुद्धचा एकमेव गोल त्याच्या क्रॉसवर झाला, तर १९८०मध्ये हॅम्बुर्गविरुद्धचा त्याने स्वतःच मारला.

यात पैशाचा हात नव्हता का? होता. माल्मोविरुद्ध गोल करणारा ट्रेव्हर फ्रान्सिस दहा लाख पौंडांचा होता. पण लीग त्याच्या येण्याआधीच जिंकून झाली होती, आणि बर्न्स-रॉबर्टसन काही पैशाच्या जोरावर घडले नाहीत. दुसरा आक्षेप वजनदार आहे: टेलर फॉरेस्ट सोडून गेल्यावरही क्लफने १९८९ आणि १९९०मध्ये लीग कप जिंकलाच की! खरं आहे, पण लीग किंवा युरोपियन कप पुन्हा हाती आला नाही. टेलर सोबत नसताना, १९७४मध्ये, लीड्समध्ये तो ४४ दिवसच टिकला. अर्थात तिथे खेळाडूंशी आधीचं वैर होतं, म्हणून या एका पुराव्यावर मी फार भार टाकणार नाही. उलट, १९८२मध्ये टेलर एकटा डर्बीत गेला, तेव्हा त्यालाही तो संघ सावरता आला नाही. हेरलेल्या खेळाडूकडून खेळ काढून घेण्यासाठी क्लफचा धाकच लागायचा. रॉबर्टसनला डर्बीत नेल्यावरून १९८३मध्ये दोघांचं बिनसलं, ते १९९०मध्ये टेलर वारला तरी मिटलं नव्हतं.