अपिलाचा हक्क आणि प्रलंबित प्रकरणे : 'बाल्टिमोर अँड पोटोमॅक रेल्वे विरुद्ध ग्रँट' (१८७९)

अपिलाचा हक्क पक्षकाराला नेमका केव्हा प्राप्त होतो आणि तो विधिमंडळाला मध्येच काढून घेता येतो काय, या प्रश्नाचे एक कठोर उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ मध्ये एका रेल्वे कंपनीच्या प्रकरणात दिले.

कोलंबिया जिल्ह्याच्या न्यायालयाचा (त्याच्याही नावात 'सर्वोच्च' होते, हा भाग वेगळा) निर्णय बाल्टिमोर अँड पोटोमॅक रेल्वे कंपनीच्या विरोधात गेला. वादविषयाचे मूल्य १,००० डॉलरपेक्षा अधिक असल्यास अशा निर्णयाची फेरतपासणी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात होत असे. त्यानुसार कंपनीने 'रिट ऑफ एरर' मिळविली. परंतु प्रकरण प्रलंबित असतानाच २५ फेब्रुवारी १८७९ च्या कायद्याने ही मर्यादा २,५०० डॉलर केली. कंपनीचा वाद नेमका या दोन आकड्यांच्या मध्ये सापडला.

वाढीव मर्यादा केवळ नव्या प्रकरणांना लागू व्हावी, हे म्हणणे सकृद्दर्शनी न्याय्य वाटते. सरन्यायाधीश मॉरिसन वेट यांनी मात्र ते स्वीकारले नाही. अपील हा पक्षकाराचा निहित हक्क नसून कायद्याने दिलेली सवलत आहे. ती काढून घेतली गेली की वरिष्ठ न्यायालयातील कामकाज ज्या टप्प्यावर असेल तेथेच थांबते. प्रलंबित प्रकरणे वाचविणारी तरतूद नव्या कायद्यात नव्हती. म्हणून प्रकरण अधिकारितेच्या अभावी निकाली निघाले. कंपनीची बाजू खरी की खोटी, हे तपासलेच गेले नाही.

या भूमिकेचे मूळ अमेरिकी संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदात आहे. सर्वोच्च न्यायालयाची अपिलीय अधिकारिता काँग्रेसने घातलेल्या अपवादांच्या व नियमांच्या अधीन आहे. १८६९ च्या मॅकार्डल प्रकरणात याच आधारे न्यायालयाने माघार घेतली होती. तेथे प्रश्न एका बंदिवानाच्या स्वातंत्र्याचा होता, येथे केवळ पैशाचा. त्यामुळे रेल्वेचे प्रकरण फारसे गाजले नाही. सिद्धांत म्हणून मात्र तेच अधिक स्वच्छ आहे, कारण त्यात राजकीय दडपणाची शंका घेण्यास जागा नाही.

भारतीय वाचकाला हे उत्तर खटकेल, आणि ते साहजिक आहे. गरिकापती वीरय्या प्रकरणात (१९५७) मर्यादा १०,००० रुपयांवरून २०,००० रुपये झाली होती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरविले की, अपिलाचा हक्क दावा दाखल होण्याच्या दिवशीच निहित होतो आणि नंतरच्या कायद्याने स्पष्टपणे किंवा अपरिहार्य अर्थाने तो काढून घेतल्याखेरीज नष्ट होत नाही. दोन्हीकडे विधिमंडळाचा अधिकार मान्य आहे. कायदा मौन बाळगतो तेव्हा त्या मौनाचा लाभ अमेरिकेत पक्षकाराला मिळाला नाही, भारतात मिळाला.